दोनच गोळ्या द्या भाऊ

ऊसतोडीचा सिझन सुरू झाला की आमच्या फाट्यावर रात्री आठनंतर दुकानात गर्दी होते. दिवसभर फडात तोडणी, मग गाडी भरून देणं, मग कोपीवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीवर, येऊन चूल पेटवणं, ह्या सगळ्यातून मोकळी होऊन माणसं मेडिकलवर येतात तोवर आरोग्य केंद्राची ओपीडी कधीच बंद झालेली असते, आणि ते केंद्र तसंही इथून नऊ किलोमीटरवर. माझं मेडिकल सांगोला आणि पंढरपूर तालुक्याच्या शिवेवर आहे, एका अंगाला डाळिंब, एका अंगाला ऊस, आणि घरटी दोन-तीन जर्सी गाया. २००८ पासून काउंटरच्या ह्या बाजूला उभा आहे. म्हणजे खाली अँटिबायोटिकबद्दल, जंतू मारणाऱ्या औषधांबद्दल, जे लिहितोय ते ऐकीव नाही, बरंचसं मी माझ्या हातानं केलेलं आहे.

तर एक बाई. बीडकडची, पंचविशीची असेल. गर्दी कमी होईपर्यंत बाजूला थांबली, मग पुढं येऊन म्हणाली, "भाऊ, मागल्या येळंसारख्या दोनच गोळ्या द्या, पावरच्या." मी म्हणलं काय होतंय, तर मागं उभ्या गड्यांकडं बघून आवाज एकदम खाली, "लघवीला आग होती." मी ड्रॉवर उघडला, नॉरफ्लॉक्सची स्ट्रिप काढली, कात्रीनं दोन गोळ्या कापल्या, कागदात गुंडाळून दिल्या. चिठ्ठी नाही, बिल नाही. हे मी एकदा केलेलं नाही, वर्षानुवर्षं केलंय, कधी नॉरफ्लॉक्स, कधी अमॉक्सिसिलीन, कधी अ‍ॅझिथ्रोमायसिन पाचशे, जुलाब लागले तर ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल, सगळी अँटिबायोटिकच.

दोनच का, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही, तो म्हणतो अडाणी लोक आहेत, कोर्स पूर्ण करत नाहीत. पण तिचा हिशोब बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, मुकादमाकडून उचल घेतलेली, ती सिझनभर टनावर फेडायची. एक दिवस कामावर गेली नाही की खाडा, म्हणजे त्या दिवसाचं तर गेलंच वर दंड कापला जातो. आता ती सकाळी आरोग्य केंद्रात जाणार, केसपेपर काढणार, लघवीची तपासणी करून घेणार, रिपोर्टसाठी थांबणार, म्हणजे अख्खा दिवस गेला. त्यापेक्षा दोन गोळ्यांनी आग थांबली तर उद्या पहाटे चारला उठून फडात जाता येतं. तिच्या बाजूनं तिचा हिशोब बरोबरच आहे, आणि मी तो मोडत नव्हतो कारण माझाही धंदा त्याच्यावरच चालत होता.

हे सगळं असंच चाललं असतं. २०२२ च्या उन्हाळ्यात माझी आत्या आजारी पडली.

आत्या गावातच असते, साठी ओलांडलेली, शुगर आहे. तिला अधूनमधून लघवीचा त्रास व्हायचा आणि ती कुठं जाणार, भाचा मेडिकलवाला. सायकलवरनं नातवाला पाठवायची, "मामाकडनं आजीची गोळी आण." मी द्यायचो, दोन, कधी चार. दोन दिवसांत बरं वाटायचं. असं पाच-सहा वर्षं. त्या वेळी मात्र गोळीनं उतार पडला नाही, थंडी वाजून ताप आला, दुसऱ्या दिवशी असंबद्ध बोलायला लागली, आम्ही गाडीत घालून सोलापूरला नेलं तेव्हा बीपी जवळजवळ लागत नव्हतं. आयसीयू. डॉक्टर म्हणाले लघवीतलं इन्फेक्शन रक्तात गेलंय. लघवीचं आणि रक्ताचं कल्चर लावलं, रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला.

ज्यांनी कल्चरचा रिपोर्ट बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, त्यात जंतूचं नाव असतं, इथं ई. कोलाय होता, आणि खाली औषधांची यादी असते, प्रत्येकाच्या पुढं एक अक्षर. एस म्हणजे ह्या औषधानं जंतू मरतोय, आर म्हणजे मरत नाही. मी आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसून वरून खाली वाचत गेलो. नॉरफ्लॉक्सासिन आर. सिप्रोफ्लॉक्सासिन आर. लेव्होफ्लॉक्सासिन आर. अमॉक्सिसिलीन-क्लॅव्ह आर. सेफिक्झिम आर. सेफ्ट्रायॅक्झोन आर. को-ट्रायमॉक्साझोल आर. सगळी माझ्या रॅकवरची नावं. नायट्रोफ्युरँटॉइनपुढं एस होता पण ते औषध मूत्राशयातल्या साध्या इन्फेक्शनला चालतं, रक्तात पसरलेल्याला उपयोगाचं नाही. शेवटी मेरोपेनेम, शिरेतनं, दर आठ तासांनी, दहा दिवस. आत्या वाचली. दोन गाया विकाव्या लागल्या आणि किडनीवर परिणाम झाला तो झालाच, पण वाचली.

मी दिलेल्या गोळ्यांनीच तो जंतू तयार झाला असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, तसं सिद्ध करता येत नाही. असे जंतू पाण्यातनं येतात, घरातल्या दुसऱ्या माणसाकडनं येतात, दवाखान्यात चिकटतात. पण मी डी.फार्म, म्हणजे औषधांचा डिप्लोमा, केलंय, मला एवढं नक्की माहीत आहे की प्रत्येक वेळी मी ती गोळी दिली तेव्हा तिच्या आतड्यातले साधे जंतू मेले आणि जे मरत नाहीत त्यांना मोकळं रान मिळालं. लोकांना वाटतं शरीराला गोळीची सवय होते, "मला आता ही गोळी लागू पडत नाही" असं म्हणतात. माणसाला काही सवय होत नाही, जे काही बदलतं ते जंतूमध्ये. आणि न मरण्याची ती विद्या जंतू फक्त आपल्या पिलावळीला देत नाही, प्लाझमिड नावाचं डीएनएचं एक छोटं वेटोळं असतं, ते शेजारच्या वेगळ्या जातीच्या जंतूलाही देऊन टाकतो. म्हणजे आत्याच्या आतड्यात जे घडतं ते आत्यापुरतं राहत नाही, सुनेच्या हातात येतं, नातवाकडं जातं, मोरीतनं ओढ्यात जातं. २०१९ ह्या एका वर्षात जगभरात अशा औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळं थेट १२ लाख ७० हजार माणसं गेली असा अंदाज २०२२ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. मी तो आकडा आत्याच्या आजारपणाच्या आधी वाचला होता. वाचला आणि पुढं गेलो होतो.

माणसं इतक्या विश्वासानं ही औषधं का मागतात त्याचंही मला काउंटरवरनं एक कारण दिसतं. सर्दी-खोकला, घसा, कणकण हे बहुतेक वेळा विषाणूमुळं होतं, त्यावर अँटिबायोटिक काहीच करत नाही, आणि ते आपोआप पाच-सात दिवसांत बरं होतं. माणूस दोन दिवस अंगावर काढतो, तिसऱ्या दिवशी माझ्याकडं येतो, गोळी घेतो, पाचव्या दिवशी बरा होतो. बरं कुणी केलं? शरीरानं. नाव कुणाचं झालं? गोळीचं. पुडीचं तर अजून अवघड आहे. आमच्या भागात अजून पुडी बांधून देतात, सुट्ट्या चार गोळ्या कागदात, एक तापाची, एक अंगदुखीची, एक अँटिबायोटिक, आणि कितीतरी पुड्यांत एक बारीक स्टेरॉइडची. स्टेरॉइडनं तासाभरात तरतरी येते, भूक लागते, माणूस म्हणतो काय डॉक्टर आहे, एका पुडीत उभं केलं. त्यात कुठली गोळी कशाची हे त्याला कधीच कळत नाही, म्हणून पुढच्या वेळी तो सगळंच्या सगळं मागतो. आणि सुई. सुई किंवा सलाईन नाही लावलं तर तपासलंच नाही म्हणतात. आमच्या इथले एक डॉक्टर, चांगला माणूस आहे, मला म्हणाले होते, "मी नाही लिहून दिलं तर तो बाहेर पडून पुढच्या दवाखान्यात जाणार, तिथं ह्याहून जड औषध मिळणार, मग मीच हलकं देतो." मला त्यांचं पटत नाही पण त्यांना खोटंही पाडता येत नाही.

कोर्सबद्दल एक सांगायचं आहे, कारण मी स्वतः वर्षानुवर्षं "बरं वाटलं तरी कोर्स पूर्ण करा नाहीतर जंतू पक्का होतो" असं सांगत आलो. टीबीला ते शंभर टक्के खरं आहे, तिथं महिनोन्महिने औषध चालतं आणि मधेच सोडलं तर टीबी औषधांना दाद देईनासा होतो, त्यात काही सूट नाही. पण साध्या कितीतरी इन्फेक्शनला आता डॉक्टर स्वतःच पूर्वीपेक्षा कमी दिवसांचा कोर्स देतात, कारण तेवढ्यानं भागतं आणि जास्त दिवस औषध म्हणजे आतड्यातल्या जंतूंवर जास्त दिवस मारा. म्हणजे खरा घोटाळा "अर्धवट सोडलं" एवढाच नाही, गरज नसताना सुरूच का केलं हा आहे. किती दिवस घ्यायचं ते डॉक्टरनं ठरवावं, मी किंवा पेशंटच्या खिशातल्या पैशानं नाही. आणि महिनाभराच्या खोकल्यावर लेव्होफ्लॉक्सासिन दिली तर टीबी काही दिवस दबतो, बेडका तपासला तरी सापडत नाही, निदान लांबतं, तोवर तो माणूस घरातल्यांना लागण करत फिरतो. हे मी इथं ठळक लिहितोय कारण खोकल्यावर ती गोळी चिठ्ठीशिवाय मागायला अजून लोक येतात.

कायदा आहे. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन नावाची औषधांची यादी लागू झाली, त्यात सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिन अशी बरीच औषधं आहेत, ती विकली की रजिस्टरला पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिली ते लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. अमॉक्सिसिलीनसारखी रोजची औषधं साध्या एच मध्ये, त्यांनाही चिठ्ठी लागतेच. २०१६ पासून सरकारनं स्ट्रिपवरच्या लाल रेघेची जाहिरात केली, लाल रेघ दिसली तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. पण मी कात्रीनं दोन गोळ्या कापल्यावर रेघ कुठं राहिली आणि नाव कुठं राहिलं? तारीखही उरलेल्या तुकड्यावर.

आता गोठ्याकडं येतो, कारण आमच्या भागात हे माणसापुरतं नाहीच. गाईला दगडी झाली, म्हणजे कास सुजली, दूध फुटकं आलं, की डॉक्टरला फोन लावायच्या आधी माणूस दुकानातनं इंजेक्शन आणतो आणि स्वतः टोचतो. सेफ्ट्रायॅक्झोन, तेच जे आत्याला चाललं नाही. बाटलीवर लिहिलेलं असतं की इतके दिवस दूध विकू नका, पण पाच दिवसांचं दूध ओतून दिलं तर गाईचा बँकेचा हप्ता कशातनं भरायचा, म्हणून सुजलेल्या सडाचं दूध वासराला आणि बाकीचं संकलन केंद्राला. वासरू ते औषधाचं दूध पिऊन मोठं होतं. कोलिस्टिन म्हणजे माणसाचं शेवटच्या फळीतलं औषध, ते २०१९ पर्यंत आपल्या देशात कोंबड्यांच्या खाद्यात चालत होतं, त्या वर्षी बंदी आली. हे वाचलं तेव्हा मला आयसीयूतला तो कागद आठवला.

आणि डाळिंब. माझा मेव्हणा डाळिंबवाला आहे. तेल्या आला की फळावर तेलकट डाग पडतात, मग फळ तडकतं, पूर्ण बाग हातची जाते, सांगोल्याकडं तेल्यानं काय केलंय ते इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. तेल्या हा जंतूमुळं होतो, म्हणून फवारणीच्या टाकीत स्ट्रेप्टो. सहा ग्रॅमची पुडी मिळते, स्ट्रेप्टोमायसिन नव्वद टक्के आणि टेट्रासायक्लिन दहा टक्के. स्ट्रेप्टोमायसिन, म्हणजे ज्याची इंजेक्शनं एकेकाळी टीबीच्या पेशंटला रोज टोचायचे. पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना १९५४ ला उभा राहिला, देशातल्या गरिबाला पेनिसिलिन परवडावं म्हणून, त्याच कारखान्याचं स्ट्रेप्टोसायक्लिन मी मेव्हण्याच्या शेडमध्ये खोक्यानं बघितलंय. पाऊस पडून ढगाळ हवा झाली की पुन्हा फवारणी, जमिनीत, विहिरीत, मजुराच्या अंगावर. मी मेव्हण्याला म्हणलं कमी कर, तो म्हणला, "दाजी, बाग तुम्ही सांभाळता का?" सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथले लोक बहार धरण्याची वेळ, छाटणी, बागेची स्वच्छता, रोगट फळं-फांद्या काढून जाळणं हे सगळं आधी करायला सांगतात. पण त्याला मजूर लागतात आणि फवारा एक माणूस मारतो.

मग काय, औषधं गावात येऊच द्यायची नाहीत का? इथं मला गडचिरोली आठवते. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं तिथं ३९ गावांमध्ये गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. थोडंफार शिकलेल्या बायका. त्यांना लहान लेकराचा श्वास मोजायला शिकवलं, ज्यांना चाळीस-पन्नास मोजणं जड जायचं त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधं यंत्र बनवलं. श्वास ठरलेल्या आकड्याच्या वर गेला तर न्यूमोनिया, मग औषध. नवजात बाळाला जंतुसंसर्गाची ठरलेली लक्षणं दिसली तर त्या बायका घरी जाऊन जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायच्या. १९९९ ला लॅन्सेटमध्ये त्याचे निष्कर्ष आले, त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे अँटिबायोटिकच होतं, डॉक्टरशिवायच दिलं होतं, आणि त्यानं बाळं वाचली. फरक एवढाच की देणाऱ्या बाईनं आधी श्वास मोजला होता. मला ही गोष्ट फार लागली, कारण मी डिप्लोमावाला असून इतक्या वर्षांत एकाही लेकराचा सदरा वर करून बघितला नव्हता, पोराला ताप म्हणलं की सिरपची बाटली काढून दिली.

आता बघतो. आमच्या आशाताईंकडनं शिकून घेतलं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतलं असेल तर ५० किंवा जास्त, त्याच्या पुढं पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त, लेकरू शांत असताना पूर्ण मिनिट मोजायचं. जास्त आला किंवा छाती आत ओढली जात असेल तर मी माझी गाडी काढून देतो, औषध देत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप असला तरी थेट पाठवतो. नसेल तर ताप मोजून तापाचं औषध आणि परत कधी यायचं ते सांगतो. जुलाबाला ओआरएस आणि झिंक, झिंक चौदा दिवस, आणि शौचात रक्त असेल तर डॉक्टर. स्ट्रिप कापणं बंद केलं, कात्री घरी नेऊन ठेवली. गिऱ्हाईक तुटलं हे खरं आहे, फाट्यावरच्या दुसऱ्या दुकानात जातात, पहिल्या वर्षी महिन्याच्या गल्ल्यात चांगलाच फरक दिसला, बायको काही बोलली नाही पण वही तिनंही बघितली होती.

कोपीवरच्या बायकांचं मात्र जमत नव्हतं. गोळी द्यायची बंद केली तर त्या येईनाशाच झाल्या. म्हणून गेल्या सिझनला उपकेंद्राच्या सिस्टरना आणि आशाताईंना विनंती केली, मुकादमाशी बोललो, आणि त्या गुरुवारी संध्याकाळी सातला कोप्यांवर यायला लागल्या, लघवी तपासायच्या पट्ट्या घेऊन. पट्टीत आलं तर आरोग्य केंद्राच्या डॉक्टरशी फोनवर बोलून औषध, तिथंच, पूर्ण. पहिल्या गुरुवारी चार बायका आल्या, तिसऱ्या गुरुवारी एकोणीस.

त्यातच ती दोन गोळ्यांवाली होती. सिस्टर तिला सांगत होत्या, पाणी भरपूर प्या, लघवी दाबून ठेवू नका. ती सगळं ऐकून घेऊन माझ्याकडं वळली, म्हणाली, "भाऊ, फडात सगळीकडनं गडी असत्यात. दिवस मावळूस्तवर आडोसा न्हाई. म्हून आमी पाणीच पीत न्हाई. आता तुमी गोळी बी देत न्हाई, मग निदान दोन संडास तरी बांधून द्या म्हणावं कुणाला तरी."

मी वर्षानुवर्षं तिच्यासारख्यांना गोळ्या दिल्या आणि हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. मुकादम म्हणाला कारखान्याला विचारा, कारखान्यातनं सांगितलं ग्रामपंचायतीला विचारा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला अर्ज दिलाय, कोप्यांच्या जागेवर दोन फिरते संडास आणि एक पाण्याची टाकी, खाली एकोणीस अंगठे आणि सह्या आहेत. ग्रामसेवकानं पोच दिली आहे, ती दुकानात काउंटरच्या काचेखाली ठेवली आहे.